थंडीची सूज आणि घाईचा शेक

मार्गशीर्ष सरत आला की ग्वाल्हेर-लष्करातील जुन्या वाड्यांतून एक तक्रार दरवर्षी ऐकू येते. पायांच्या बोटांना कंड सुटतो, बोटे लाल होतात, मग जांभळट दिसू लागतात. चपलेच्या अंगठ्यात बोट शिरत नाही. रात्री रजईत पायांना ऊब मिळाली की त्यांची अशी काही आग होते की ते पुन्हा उघड्यावर काढावेसे वाटते. हातांच्या बोटांची हीच गत झाली म्हणजे अंगठी निघत नाही आणि कणीक मळणेही नकोसे होते. घरातील वडीलधारी मंडळी ‘इथले पाणी लागले’ असे म्हणून मोकळी होतात, आणि जिला त्रास होतो ती बिचारी होळीची वाट पाहत बसते.

इंग्रजी वैद्यकात या विकाराला ‘चिलब्लेन’ म्हणतात. आपण सोयीसाठी त्याला ‘थंडीची सूज’ म्हणू. टाचांना पडणाऱ्या भेगा, ज्यांना आपले हिंदी शेजारी ‘बिवाई’ म्हणतात, त्या निराळ्या. तो कोरड्या पडलेल्या कातडीचा दोष आहे. बर्फाळ प्रदेशात सैनिकांना व गिर्यारोहकांना होणारा हिमदंशही निराळा. त्यात शरीराचा भाग प्रत्यक्ष गोठतो, बधिर व पांढराफटक पडतो, आणि प्रसंगी बोट गमवावे लागते. थंडीच्या सुजेला बर्फ लागत नाही. पाणी गोठण्याइतकी थंडी नसतानाही, विशेषतः हवेत व अंगाशी ओलावा असला की, ती होते. म्हणूनच ती आपल्या घरात, आपल्या मोरीपाशी होते.

या विषयावर लिहिताना थोडे स्वतःचे सांगणे भाग आहे. माझे माहेर रत्नागिरीचे. १९७४ साली लग्न होऊन मी लष्करात आले. थंडी म्हणजे पहाटे अंगावर एक पांघरूण जास्त, एवढीच माझी कल्पना होती. इथे पहाटे पाच वाजता चौकात रात्रभर साठवलेल्या हौदाच्या पाण्याने भांडी घासायची, पायांखाली दगडी फरशी, तीही ओली, आणि पायांत काही नाही. काम आटोपले की बोटे लाकडासारखी झालेली असत. मग मी धावत जाऊन पाय जवळजवळ शेगडीलाच लावीत असे. त्या क्षणी केवढे सुख वाटे! तिसऱ्या आठवड्यात दोन्ही पायांची बोटे वांग्यासारखी टरारली. जोडव्यांची टोके मांसात रुतली. जोडवी काढावीत असे मनात आले, पण लग्नाचे पहिलेच वर्ष, ‘काढू का?’ हे विचारण्याचेही धैर्य होईना. सासूबाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनाही वाटे की आठ-पंधरा दिवसांत सवय होईल. एका बोटाला फोड आला, तो फुटला, चिघळला, आणि पू झाला.

एके दिवशी दुपारी आजेसासूबाईंनी मला गच्चीवर उन्हात बोलावले आणि समोर बसवून माझा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. मी संकोचाने पाय ओढून घेऊ लागले तर म्हणाल्या, “राहू दे गं. मला दिसतं आहे ते तुझ्या सासूला दिसत नाही, कारण ती इथलीच आहे. मी वाईहून आले.” त्यांनी तेल लावून, हळूहळू, मला न दुखवता जोडवी काढली आणि देवघरातल्या फडताळात ठेवली. “होळी झाली की घाल. जोडवी पायासाठी असतात. पायच नासला तर घालशील कशात?” मग त्यांनी आपले पाय पुढे केले. बोटांवर काळपट डाग होते, कातडी जागोजागी चुरगळल्यासारखी झाली होती. लग्नापासून दर हिवाळ्यात त्यांनी हे सोसले होते. मी विचारले, “कुणाला सांगितलं नाहीत?” त्या म्हणाल्या, “कुणी विचारलं नाही.”

त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. पुढे या विकाराविषयी जे काही वाचले, डॉक्टरांना विचारले, ते सारे त्या दुपारमुळेच. त्यातून मला जी एक गोष्ट कळली ती आधीच सांगून टाकते: थंडी बोटांना पहिला घाव घालते, पण गारठलेल्या बोटांना आपण घाईने जो शेक देतो त्याने तो घाव दुणावतो.

सूज का येते?

आपले शरीर हुशार कारभाऱ्यासारखे वागते. बाहेर गारठा वाढला की हृदय, यकृत, मेंदू यांची ऊब राखण्यासाठी ते कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसून घेते. हात-पायांची बोटे, कानांच्या पाळ्या व नाकाचा शेंडा ही हृदयापासून दूरची ठाणी. तिथला रक्तपुरवठा प्रथम घटतो. बहुतेकांच्या बाबतीत ऊब मिळाली की वाहिन्या पूर्ववत उघडतात आणि सगळे सुरळीत होते. पण काही जणांच्या वाहिन्या गरजेहून अधिक आकसतात आणि आकसलेल्याच राहतात. अशा बोटांना एकाएकी जोराची उष्णता दिली की वरच्या बारीक वाहिन्या झटकन फुगतात, रक्त पुढे वाहून नेणाऱ्या वाहिन्या मात्र तितक्या लवकर मोकळ्या होत नाहीत. मग रक्तातील पातळ भाग आजूबाजूच्या मांसात झिरपतो आणि तिथे दाह सुरू होतो. हीच ती सूज, हाच तो कंड आणि हीच ती आग.

गंमत अशी की हे सारे लगेच दिसत नाही. गारठा सोसल्यावर काही तासांनी, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी, लक्षणे उमटतात. त्यामुळे सकाळच्या मोरीचा आणि रात्रीच्या आगीचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि बिचाऱ्या पाण्याला, वांग्याला किंवा आंबट ताकाला दोष दिला जातो.

कृश अंगाच्या व्यक्ती, स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांना हा त्रास अधिक होतो. काही घराण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात. मग ती विडीतून जावो, तपकिरीतून जावो की मशेरीतून. ज्या आजीबाई ‘मी कधी विडीला हात लावला नाही’ असे अभिमानाने सांगतात, त्यांनी मशेरीची डबीही हिशेबात धरावी.

आणखी एक कारण आपल्या घरांत आहे. ग्वाल्हेरीस मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून आपल्या पूर्वजांनी जाड दगडी भिंती, उंच छत, मोकळा चौक आणि फरशी अशी घरे बांधली. उन्हाळ्यात ती आईसारखी माया करतात. पण जानेवारीत, जेव्हा पहाटेचे तापमान सरासरीने सात अंशांच्या आसपास असते आणि लाट आली की दोन-तीन अंशांवर उतरते, तेव्हा तोच दगड रात्रभर गारठा साठवून ठेवतो. धुके पडले की दिवसदिवस ऊनही दिसत नाही. ज्या देशांत सहा महिने बर्फ असते तिथली घरे आतून उबदार असतात, म्हणून तिथे हा विकार त्या मानाने कमी. दमट गारठ्याच्या इंग्लंडात मात्र घरोघर ऊब पोहोचण्यापूर्वी तो अगदी नित्याचा होता. आपली थंडी दोन महिन्यांची पाहुणी. तिच्यासाठी घर कोण बांधणार? इंदूरकरांना गारठा जरा कमी भोगावा लागतो, पण फरशी आणि पहाटेचे पाणी त्यांनाही चुकलेले नाही. बडोदे, हैदराबाद वा गोव्याकडील वाचकांच्या घरी हा प्रश्न क्वचितच येईल. पण तिकडची लेक या बाजूला सून म्हणून येते तेव्हा तिच्या आईने हे वाचलेले असावे.

सूज आल्यावर काय करावे?

पहिला नियम: आगीपाशी जाऊ नये. शेगडी, हीटर, गरम पाण्याची पिशवी यांपैकी काहीही गारठलेल्या बोटांना थेट लावू नये. बोटे बधिर असल्यामुळे चटका कळत नाही, आणि सुजेवर भाजल्याची जखम होते. प्रथम ओले मोजे काढावेत, हात-पाय मऊ कापडाने टिपून कोरडे करावेत, अंगावर शाल घ्यावी, काही गरम प्यावे आणि हात काखेत धरावेत. पायांत कोरडे लोकरी मोजे घालावेत. अंग तापले की ऊब आपोआप बोटांपर्यंत पोहोचते. पाण्यात पाय बुडवायचेच असतील तर पाणी कोमट असावे. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना आपण कोपर बुडवून पाहतो ना, तशीच परीक्षा इथेही करावी. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र पाय शेकण्याच्या वा गरम पाण्यात बुडवण्याच्या भानगडीत मुळीच पडू नये. त्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते.

दुसरा नियम: खाजवू नये आणि जोराने चोळू नये. नखाने कातडी फाटली की जंतूंना वाट मिळते. कंड फार असेल तर कॅलामाइन लोशन लावावे. कातडी कोरडी पडली असेल तर पेट्रोलियम जेली किंवा साधे खोबरेल हलक्या हाताने लावावे. आपल्या भागात मोहरीच्या तेलात लसूण कढवून ते चोळण्याची रीत आहे. सलगम उकळलेल्या पाण्यात पाय बुडवून ठेवण्याचेही अनेक जण सांगतात. कातडी अखंड असेल तर कोमट तेलाचा हलका हात फिरवायला हरकत नाही, आणि सलगमाच्या पाण्यातला गुण बहुधा पाण्याच्या कोमटपणाचा. पण कढत तेल, मिरपूड, कांद्याचा वा आल्याचा रस, चुरचुरणारी मलमे हे सर्व सुजलेल्या नाजूक कातडीवर, विशेषतः फुटलेल्या फोडावर, लावू नये.

फोड आला तर तो फोडू नये. आपण होऊन फुटला तर स्वच्छ पाण्याने धुवून, कोरडा करून, निर्जंतुक पट्टी सैलसर बांधावी. बोटांतल्या अंगठ्या आणि जोडवी सूज चढण्यापूर्वीच उतरवावीत. सूज चढल्यावर ती निघत नाहीत आणि रक्तप्रवाहाला अडवतात.

एवढे केले आणि पुन्हा गारठा लागू दिला नाही, तर एक ते तीन आठवड्यांत सूज बहुधा आपणहून ओसरते. दुकानदाराच्या सांगण्यावरून स्टिरॉइडयुक्त मलमे आणून चोपडण्याचा हल्ली प्रघात पडला आहे. या विकारावर त्यांचा खात्रीलायक उपयोग दिसून आलेला नाही, आणि दीर्घकाळ वापरल्यास कातडी पातळ होते. वारंवार व तीव्र त्रास होणाऱ्यांना डॉक्टर कधी कधी निफेडिपिन हे रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध देतात. ते रक्तदाबही उतरवते, म्हणून शेजारणीला दिलेली गोळी आपण घेऊ नये. याउलट, रक्तदाबाच्या वा हृदयाच्या काही गोळ्यांनी हात-पाय अधिक गार पडतात. तसे जाणवल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

पुढील परिस्थितीत मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नये: पू, ताप किंवा पसरत जाणारी लाली दिसली, तीन आठवड्यांत उतार पडला नाही, उन्हाळा लागला तरी सूज राहिली, रुग्णाला मधुमेह आहे, बोटे गारठ्यात आधी पांढरी, मग निळी, मग लाल अशी रंग बदलतात, किंवा सुजेबरोबर सांधे दुखतात, चेहऱ्यावर चट्टे उठतात. शेवटच्या लक्षणांमागे ‘ल्युपस’सारखा संपूर्ण शरीराचा विकार असू शकतो आणि त्याची तपासणी लवकर होणे हिताचे असते. एखादा पाय अचानक पांढरा, गार आणि बधिर झाला व खूप दुखू लागला, तर ती थंडीची सूज नव्हे; त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. २०२० साली कोरोनाच्या साथीत अनेक देशांतील डॉक्टरांना पायांच्या बोटांवर हुबेहूब अशी सूज आढळली होती. दिसायला सारखे असले तरी प्रत्येक वेळी कारण एकच नसते, हे त्यावरून ध्यानात यावे.

सूज येऊच नये म्हणून

खरी चिकित्सा दसऱ्या-दिवाळीपासून सुरू व्हावी. पाय गारठतात म्हणून केवळ मोजे घालणे पुरेसे नाही. छाती, पाठ आणि डोके उघडे असेल तर शरीर हात-पायांचे रक्त आवरून घेणारच. म्हणून आतून एक सुती कपडा, वर लोकरी, डोक्याला रुमाल किंवा मुलांना कानटोपी, आणि मग मोजे. एका जाड मोजावर घट्ट बूट चढवण्यापेक्षा दोन पातळ मोजे व सैल बूट बरे. घट्ट पादत्राण रक्ताची वाट अडवते. शाळेतून घामेजलेले वा दवाने भिजलेले मोजे घालून आलेल्या मुलाचे पाय आधी कोरडे करावेत, दुसरे मोजे द्यावेत, मग खाऊ द्यावा.

घरात अनवाणी वावरू नये. स्वयंपाकघरात वाहाणा चालत नसतील तर तिथल्यापुरत्या वेगळ्या कापडी सपाता ठेवाव्यात. ओट्यासमोर आणि मोरीपाशी एक जुनी सतरंजी किंवा गोणपाटाची घडी घालावी. एवढ्याने फरशीचा गारठा किती तुटतो याचा अनुभव घेऊन पाहावा. भांडी व कपडे धुताना रबरी हातमोजे, आणि त्यांच्या आत सुती मोजे वापरावेत. हात कोरडे व उबदार असतानाच ते चढवावेत.

पाण्याविषयी थोडेसे. विहिरीचे वा कूपनलिकेचे नुकतेच उपसलेले पाणी हिवाळ्यात कोमट लागते, कारण जमिनीच्या पोटात ऋतूंची चढउतार फारशी पोहोचत नाही. तेच पाणी रात्रभर गच्चीवरच्या टाकीत राहिले की बर्फासारखे होते. म्हणून ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी पहाटे पंप लावून ताजे पाणी वापरावे, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी भांड्यांचे काम ऊन वर आल्यावर करावे. पहाटेच भांडी घासली पाहिजेत असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

जेवणाने सूज बरी होत नाही, पण उपाशी अंगाला ऊब धरवत नाही. संक्रांतीचा तिळगूळ, गुळपोळी, बाजरीची भाकरी आणि तिच्यावर लोणी, जोडीला मुरैन्याची गजक, हे सारे या दिवसांत यथेच्छ असावे. मधुमेह्यांनी अर्थात गुळाचा मोह आवरावा. दिवसातून दोनदा थोडे चालावे. फार वेळ एका जागी बसून विणकाम वा वाचन करणाऱ्यांनी अधूनमधून उठून पाय हलवावेत.

शेवटी एक इशारा. कोळशाची शेगडी दारे-खिडक्या लावून खोलीत ठेवू नये, आणि ती पेटती ठेवून झोपू तर कदापि नये. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग ना वास. झोपलेले माणूस झोपेतच जाते. दर हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानातून अशा बातम्या येतात. न्हाणीघरातील गॅसच्या गीझरचा धोकाही तोच. तिथे हवेला येण्या-जाण्याची वाट असलीच पाहिजे.

आता पुन्हा त्या गच्चीवरच्या दुपारकडे. आजेसासूबाईंनी माझी जोडवी काढली, त्यानंतर दुसऱ्या दिवसापासून आमच्या चुलीवर पहाटे एक हंडा जास्त चढू लागला, भांड्यांसाठी. सरपण वाढले म्हणून सुरुवातीला कुरकुर झाली. पण तो हंडा पुढे कधी उतरला नाही. दगडी चौक, ओली फरशी आणि थंडी ही सर्वांना सारखीच असतात. बोटे मात्र घरात जो सर्वांत आधी उठतो आणि सर्वांत आधी पाण्यात हात घालतो, त्याची सुजतात. आजकाल पुष्कळ घरांत ते हात सुनेचे नसून कामाला येणाऱ्या बाईंचे असतात. त्या सकाळी चार घरांची भांडी घासतात आणि चार घरांच्या फरशीवर अनवाणी उभ्या राहतात. आपल्या स्नानासाठी गीझर लावताना त्यांच्या बादलीत दोन तांबे ऊन पाणी ओतायला कितीसा खर्च येतो? आणि एखाद्या सकाळी, निमित्त काढून, त्यांना बोटे दुखतात का हे विचारायला तर काहीच खर्च येत नाही.